मयताच्या टेबलावरच्या शेवंताक्का

कोल्हापुरात आमचं दैनिक लोक मागल्या पानापासून वाचायचे. पहिल्या पानावर दिल्लीत काय ठरलं आणि मुंबईत कोण काय बोललं हे आम्ही उपसंपादक मंडळी जीव ओतून लिहायचो. पण सकाळी चहाच्या दुकानात पेपर आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कोण गेलं?" मग कुणीतरी पेपर उलटा करून मोठ्यानं वाचायचा. ऐकता ऐकता दोघं-तिघं चहा अर्धा टाकून उठायचे, कारण रक्षाविसर्जन आज असेल तर पंचगंगेवर पोचायला हवं. लग्नाला गेलं नाही तर एक वेळ चालायचं. रक्षाविसर्जनाला तोंड दाखवलं नाही, तर ती गोष्ट त्या घरातली माणसं पुढच्या पिढीला सांगून ठेवायची.

ते मागलं पान शेवंताक्कांचं.

शेवंताबाई माने. संस्थान विलीन झालं त्या सुमाराला त्या आमच्याकडे लागल्या. मी त्यांच्या मागोमाग नोकरीला लागलो. कचेरीत शिरलं की दारालगत डाव्या हाताला एक टेबल होतं, त्याला सगळे 'मयताचं टेबल' म्हणायचे. त्यांच्या आधी त्या टेबलावर कुणी टिकत नसे. एका कारकुनाचं मूल दगावलं, तेव्हा त्यानं सरळ सांगितलं की रोज उठून मेलेल्यांची नावं लिहिणं माझ्या घराला बाधलं. दुसऱ्याला नुसता हिवताप झाला, तरी तो परत आला नाही. मग मालकांनी युक्ती काढली. ओळखीतल्या एका गृहस्थांची भाची विधवा होती, सातवीची फायनल पास होती, अक्षर वळणदार होतं. मालक माणूस वाईट नव्हते, पण बोलताना मागचापुढचा विचार नसायचा. तिच्यासमोरच ते म्हणाले, "हिला बसवू या. हिचं आता काय वाईट व्हायचं राहिलंय?"

शेवंताक्का म्हणाल्या, "खरं हाय की. द्या हिकडं दौत."

ही हकिकत मला त्यांनीच हसत हसत सांगितली होती.

वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर. उंच, सावळ्या, कपाळ मोकळं, काठाचं साधं लुगडं. आवाज असा, की आत छपाईयंत्र चालू असलं तरी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना आक्का काय म्हणतात ते ऐकू यायचं. बोलणं पक्कं कोल्हापुरी. इथल्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच म्हणायच्या. लिहायला बसल्या की मात्र भाषा शुद्ध, एखाद्या शाळामास्तरासारखी. मला त्याची गंमत वाटायची. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सणाचं लुगडं नेसून कोण भांडी घासतंय व्हय?"

मयताच्या घरून बातमी द्यायला आलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. अंतरावर उभा करायचे, कागद घ्यायचे आणि वाटेला लावायचे. आक्कांनी टेबलाशेजारी एक माठ आणून ठेवला. माणूस आला की म्हणायच्या, "बसा पावणं. पाणी प्या. मग सांगा." बरेच जण पाणी पिता पिताच रडायला लागायचे. घरी बायका रडत असतात, तिथं पुरुषाला रडता येत नाही, आणि घाटावर तर दहा जणांच्या नजरा असतात. आक्का त्या वेळी फुटाणे खात बाहेर रस्त्याकडे बघत बसायच्या. माणूस सावरला की वळायच्या आणि विचारायच्या, "डोळ्यांनी बघितलंय न्हवं तुम्ही?"

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या. सख्ख्या मुलालाही. कुणी म्हणे, "आक्का, मीच अग्नी दिला की." मग त्या लेखणी उचलायच्या.

लिहिताना त्यांचे स्वतःचे काही कायदे होते. 'वैकुंठवासी', 'कैलासवासी' वगैरे कुणी सांगितलं तर म्हणायच्या, "वैकुंठाला गेले का कैलासाला, ते तुम्हाला कुणी कळवलंय? वारले म्हणून लिवतो." पण समोरच्यानं फारच आग्रह धरला, आमच्यात ते लागतंच म्हणाला, तर गुपचूप लिहायच्या. 'अल्पशा आजाराने' ला मात्र त्यांनी कधीच हरकत घेतली नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "आक्का, हा माणूस क्षयानं वर्ष-दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता. सगळ्या पेठेला माहीत आहे. अल्पसा आजार कसला?"

"घरात लग्नाच्या पोरी हायत त्याच्या," त्या म्हणाल्या. "क्षय म्हणून लिवलं तर उंबऱ्यात कोण येणार? मेलेल्याला त्यानं काय फरक पडत न्हाय. जित्यांना पडतोय."

जिवंत माणसांसाठी थोडं खोटं त्यांना चालायचं. मेलेल्याच्या नावाला मात्र धक्का लागलेला चालत नसे. ते मला एका प्रसंगानं कळलं.

एका खेड्यातले तिघं भाऊ आले होते. शेतकरी, चांगल्या खात्यापित्या घरातले, डोक्याला फेटे. आई गेली होती. थोरल्यानं सांगितलं, "आमची आई वारली. अमुक पाटलांची पत्नी, म्हणून लिवा."

"नाव काय आईचं?"

थोरल्यानं मधल्याकडं बघितलं, मधल्यानं धाकट्याकडं. "आम्ही आई म्हणायचो."

"ते बराबर हाय. गाव काय म्हणायचा?"

"थोरली वैनी."

"आणि तुमचा बाप?"

"आगं म्हणायचा," धाकटा म्हणाला. तो हसला नाही, कुणीच हसलं नाही. थोरला जरा चिडून म्हणाला, "नाव काय करायचंय आक्का? अमक्याची आई म्हणलं की पंचक्रोशीत कळतंय."

"पंचक्रोशीला कळलं. तुम्हाला कळलं का?" आक्कांनी लेखणी खाली ठेवली. "तिनं तिघांची नावं ठेवली, बारशी केली. बाहेर जावा, आठवतंय का बघा. न्हायतर मावशीला इचारून उद्या या. एक दिवस उशिरा छापलं म्हणून ती काय रागवायची न्हाय."

ते दुसऱ्या दिवशी आले. मावशीला विचारायला धाकटा मुद्दाम वडगावला जाऊन आला होता. नाव चंपा होतं. थोरल्यानं ते सांगितलं आणि मग आमच्या बाकावर बसून तो दांडगा माणूस असा रडला, की आतून जुळारी बाहेर येऊन बघून गेले. आक्का फुटाणे खात बसल्या. बातमीत त्यांनी नाव सगळ्यात आधी घातलं, नवऱ्याचं मागून.

'डोळ्यांनी बघितलंय न्हवं' या प्रश्नाचं मूळ बाळू पैलवानाच्या प्रकरणात असावं, असा माझा बरेच दिवस समज होता. ते प्रकरणच तसं होतं. एका सकाळी एक धिप्पाड माणूस हातात आमचा पेपर चुरगळून दारात उभा राहिला आणि ओरडला, "कोण रं त्यो, मला मारणारा?"

झालं होतं असं की आक्का एक दिवस तापानं घरी होत्या, आणि त्यांच्या जागी बसलेल्या माणसानं काही न विचारता बातमी घेतली होती. दुसऱ्या तालमीतल्या कुणीतरी खोडसाळपणानं बाळू पैलवान वारल्याचं सांगितलं होतं. पहाटे पैलवान जोर काढून घरी आला, तर दारात शेजारी तिरडीचे बांबू घेऊन उभे.

आक्कांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. पैलवानाला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "काय लिवलंय ते तरी वाचून दावा."

आक्कांनी खणखणीत आवाजात वाचलं. दिलदार वृत्तीचे, अडल्यानडल्याला धावून जाणारे, तालमीतल्या पोरांना स्वतःच्या घासातला घास देणारे, कुस्ती हरलेल्या पैलवानाला आपल्या हातानं उठवणारे. पैलवानाचा राग ऐकता ऐकता उतरत गेला.

"हे कुणी सांगितलं?"

"बातमी देणाऱ्यानं. दुसऱ्या तालमीतला कोणतरी व्हता म्हणत्यात."

"मग त्योच. त्या तालमीत एकच वैरी हाय माझा." पैलवान विचारात पडला. "आयला, वैऱ्याला एवढं ठावं हाय माझ्याबद्दल? पुन्यांदा वाचा की."

आक्कांनी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, की सदर पैलवान हयात आहेत. पुढं ते दोघं एका बाकावर बसून दूध पिताना दिसले असं मला कुणीतरी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "मरायच्या आधी ऐकायला मिळालं त्याला. लई नशीबवान."

पण त्यांच्या त्या प्रश्नाचं मूळ वेगळं होतं. ते मला पुढे मंगळवार पेठेतल्या एका व्यापाऱ्यामुळे कळलं. गृहस्थ प्रतिष्ठित. आमचे जाहिरातदार, मालकांच्या घरी उठबस. दुपारी आले, पाणी नको म्हणाले, आणि उभ्यानंच सांगितलं, "मुलीच्या निधनाची बातमी द्यायची आहे. नाव मालती."

आक्का हळहळल्या. "आरं देवा. वय काय हो?"

"वीस."

"काय झालतं?"

"काही झालं नव्हतं."

आक्कांनी मान वर केली. "कवा वारली?"

गृहस्थांचा चेहरा दगडासारखा होता. "आमच्या लेखी काल वारली. कालेजातल्या एका मास्तराबरोबर नोंदणी करून लग्न केलं. जात वेगळी. तुम्ही 'निधन' एवढंच लिहा. लोकांना काय समजायचं ते समजेल."

"जित्या माणसाची बातमी मी घेत न्हाय, पावणं."

ते सरळ आत गेले आणि मालकांना घेऊन बाहेर आले. मालकांची अडचण दिसत होती. ते म्हणाले, "आक्का, त्यांच्या घरचा प्रश्न आहे. आपलं काम छापायचं."

आक्का उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या मोठ्यानं बोलणार. पण त्या इतक्या हळू बोलल्या, की मला खुर्ची पुढं ओढावी लागली.

"मालक, माझा नवरा पलटणीत व्हता. ब्रह्मदेशात गेलता. तिकडनं बेपत्ता एवढंच आलं. मेला असं कुणी सांगितलं न्हाय. दोन-तीन पावसाळं गेलं आणि सासऱ्यांनी भटजी बोलावला. दर्भाचा पुतळा केला, त्यालाच शंकर म्हणले, त्यालाच अग्नी दिला. माझ्या बांगड्या फोडल्या, कुक्कू पुसलं. पुतळा जळाला आणि मी विधवा झालो." त्या व्यापाऱ्याकडं वळल्या. "रोज रातीला माझ्या मनात एकच येतंय. उद्या त्यो जिता परत आला, तर त्यानं कुठल्या घरात जायचं? ज्या घरानं त्याला जाळलं त्या? तुमची मालती उद्या दारात उभी ऱ्हायली तर तुम्ही दार उघडाल का न्हाय, ते तुमचं तुम्ही बघा. पण छापून आल्यावर तुम्हाला उघडता यायचं न्हाय. सगळं गाव म्हणंल, मेलेलं माणूस घरात कसं घेता?"

आक्कांनी माठातल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. गृहस्थांनी तो घेतला, पाणी पिऊन खाली ठेवला आणि ते निघून गेले. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "तू काय ऐकतोस? काम कर." पण आक्कांना ते काही बोलले नाहीत.

त्या गृहस्थांनी दुसऱ्या पेपरात बातमी दिली का, हे मी पुढे बरेच दिवस बघत होतो. दिली नाही. मालती राजारामपुरीत राहायची एवढं ऐकलं होतं. बापानं तिला घरात घेतलं की नाही ते मला माहीत नाही. ते वारले तेव्हा त्यांच्या मुलानं आणलेल्या बातमीत मागे राहिलेल्यांच्या नावांत मालतीचं नाव होतं, इतकं सांगू शकतो.

त्या दिवसानंतर मी लक्ष ठेवायला लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बातमी द्यायला आलेला माणूस पलटणीतला आहे असं कळलं, की आक्का त्याला हमखास विचारायच्या, "ब्रह्मदेशात व्हता का?" बहुतेक जण नाही म्हणायचे. काही हो म्हणायचे, पण कोडोलीचा शंकर माने त्यांना माहीत नसायचा. मग आक्का पुढच्या कामाला लागायच्या.

असेच एकदा मुरगूडचे एक गृहस्थ आले. दत्तोबा नाव. वडील वारले होते. अंगात खाकी कोट, पाय जरासा ओढत चालायचे. पलटणीतल्या बैठ्या नोकरीतून निवृत्त होऊन नुकतेच गावी आले होते. आक्कांनी पाणी दिलं आणि विचारलं, "ब्रह्मदेशात व्हता का?"

"व्हतो की. तितंच पाय अधू झाला."

"कोडोलीचा शंकर माने ठावा हाय?"

"शंकर?" दत्तोबांचा चेहरा उजळला. "शीळवाला शंकर? आमच्याच तुकडीत की. लई झ्याक शीळ घालायचा. नदी उतरताना गोळी लागली त्याला. माती मीच दिली, आणि आणखी एक सातारचा व्हता त्यानं. तुमच्या गावचा व्हय त्यो?"

मी समोरच बसलो होतो. आक्कांचा हात टेबलावर होता, तो तिथंच राहिला. त्या म्हणाल्या, "सांगतो. आधी तुमच्या वडिलांचं लिवून घिऊ."

आणि त्यांनी लिहून घेतलं. नाव, वय, गाव, कशानं गेले, मागं कोण, रक्षाविसर्जन कधी. सगळं रोजच्यासारखं विचारलं आणि रोजच्यासारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. दत्तोबांनी एक नाव दुरुस्त करायला सांगितलं, ते त्यांनी दुरुस्त केलं. मग लेखणी बाजूला ठेवली.

"शंकर माझा मालक," त्या म्हणाल्या.

दत्तोबा चटकन उठले. डोक्यावरची टोपी काढली. "वैनी," ते म्हणाले, "सरकारनं कळवलं असंल असं आम्हास्नी वाटलं. माझा पाय अधू झाला, मी दवाखान्यात, मग हिकडं तिकडं. देवाशप्पथ, कळवायचं मनात बी आलं न्हाय."

"बसा. काय बोलला का त्यो?"

"न्हाय. लगीच गेला. तरास काय झाला न्हाय त्याला."

आक्कांनी माठातलं पाणी घेतलं. त्या टेबलावर त्यांना स्वतः पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग एक कोरा कागद ओढला आणि लिहायला लागल्या.

तो कागद माझ्याकडे आला तेव्हा मी तो मालकांकडे नेला. मालकांनी वाचला आणि स्वतः बाहेर आले. आवाज नेहमीचा नव्हता. "आक्का, छापायला माझी ना नाही. पण लढाईला बारा-तेरा वर्षं झाली. इतकी जुनी बातमी..."

"मला आज कळली," आक्का म्हणाल्या.

मालक कागद घेऊन आत गेले आणि स्वतः जुळाऱ्याच्या हातात देऊन आले. दुसऱ्या दिवशी मागल्या पानावर, मुरगूडच्या बातमीखाली, ती छापून आली. 'शंकर माने, राहणार कोडोली, वय सव्वीस, ब्रह्मदेशात लढाईत वारले. सोबत्यांनी तेथेच माती दिली. शीळ उत्तम घालत. मागे पत्नी शेवंताबाई.'

वय सव्वीस. आक्कांच्या केसांत तोवर पांढऱ्या बटा दिसायला लागल्या होत्या.

त्या सकाळी चहाच्या दुकानात कुणीतरी ती मोठ्यानं वाचली असेल. घाटावर जायचं कारण नव्हतं, म्हणून लोक कचेरीत आले. पण आक्का आल्या नव्हत्या. त्यांची ती पहिलीच न कळवता घेतलेली रजा. संध्याकाळी मी त्यांना भेटायला शुक्रवार पेठेत गेलो. काय बोलायचं ते वाटेत मनात जुळवत होतो. थोड्याच दिवसांत मी पुण्याची नोकरी धरली आणि कोल्हापूर सुटलं, त्यामुळं कचेरीबाहेर मी त्यांना पाहिलं ते त्या एकदाच.

चाळीत त्यांची एक खोली होती. दार उघडं होतं. आत मुरगूडहून पुन्हा आलेले दत्तोबा जेवायला बसले होते, पुढ्यात भाकरी आणि पिठलं. आक्का समोर चुलीपाशी बसल्या होत्या. डोळे सुजले होते. दत्तोबा हात हलवत सांगत होते, "तर ह्या पठ्ठ्यानं काय करावं? सायबाच्या तंबूमागं कोंबडी बांधलेली. हा आपला शीळ घालत निघाला, कोंबडीला बघितलंच न्हाय असं दावत..."

"मग?"

"मग काय, सायेब बाहेर आला, ह्याच्या कोटात कोंबडी फडफडाय लागली, आणि ह्यानं जोरात शीळ घालाय सुरुवात केली, तिचा आवाज दबावा म्हणून!"

शेवंताक्का हसल्या. पदर तोंडाशी धरून, अंग हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता थांबलो आणि परत घातल्या. त्यांनी मला पाहिलं नाही. त्या पुढं सरकल्या, दत्तोबांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाल्या,

"सांगा की. पुढं काय केलं त्यानं?"